यंत्रावर पहारा कोणी ठेवायचा?

बँका, रेल्वे, वीजकेंद्रे, विमानतळ आणि पोलीस या सर्वांच्या नियंत्रण कक्षांचे आधुनिकीकरण झपाट्याने चालू आहे. भिंतभर पडदे, शेकडो कॅमेरे, संशयास्पद व्यवहार क्षणात टिपणारा संगणक आणि त्यांच्यासमोर बसलेली दोन-चार माणसे हे त्याचे नेहमीचे चित्र. यंत्र थकत नाही आणि लाच घेत नाही, म्हणून पहारा त्याच्यावर सोपवावा, असा त्यामागचा विचार असतो. हा विचार कितपत टिकतो हे तपासायचे असेल, तर १९८३ साली ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात आलेला एक छोटा निबंध आजही वाचावा लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांच्या या निबंधाचे नाव मराठीत ‘स्वयंचलनातील विसंगती’ असे सांगता येईल. जेमतेम पाच पानांचा हा निबंध नियंत्रण कक्षांवरील लेखनात आजही उद्धृत होतो. त्याचे बळ कशात आहे आणि तो कोठे अपुरा पडतो, हे पाहू.

बेनब्रिज यांचा युक्तिवाद सरळ आहे. यंत्रणेची रचना करणाऱ्या अभियंत्याला माणूस बेभरवशाचा वाटतो, म्हणून तो माणसाच्या हातातील कामे यंत्राकडे देतो. पण सगळीच कामे देता येत नाहीत. जी त्याला यंत्राकडून करवून घेता आली नाहीत, ती माणसाकडेच राहतात. म्हणजे सोपी कामे यंत्राला आणि अवघड कामे त्या ‘बेभरवशाच्या’ माणसाला! शिवाय यंत्र नीट चालले आहे की नाही हे पाहत राहणे आणि ते बिघडले की सूत्रे हाती घेणे, ही दोन कामेही त्याच्याच वाट्याला येतात. रोजचा सराव सुटलेल्या माणसाने नेमक्या संकटाच्या क्षणी कसब दाखवावे, अशी ही अपेक्षा आहे. यावरून त्या असा निष्कर्ष काढतात की, यंत्रणा जितकी यशस्वी आणि हस्तक्षेपाची वेळ जितकी विरळ, तितका चालकाच्या प्रशिक्षणावर खर्च अधिक हवा. प्रत्यक्षात आधुनिकीकरणाच्या अंदाजपत्रकात याच्या उलट घडते.

नुसते पाहत राहणे किती अवघड आहे, यासाठी बेनब्रिज नॉर्मन मॅकवर्थ यांच्या प्रयोगांचा आधार घेतात. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून पाणबुड्या निसटत. त्याचे कारण शोधण्यासाठी मॅकवर्थ यांनी एक साधे घड्याळ केले. काटा दर सेकंदाला एक उडी मारी आणि अधूनमधून, अनियमितपणे, दुप्पट उडी मारी. ती दिसली की कळ दाबायची, एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासानंतरच पकडलेल्या उड्यांचे प्रमाण घसरलेले आढळले. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावल्यावर मात्र ही घसरण टळली. आठ-आठ तास पडद्यासमोर बसवल्या जाणाऱ्या पहारेकऱ्याची गोष्ट यातच आली. दोष त्याच्या निष्ठेचा नसून नेमून दिलेल्या कामाचा आहे. येथे एक मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. प्रयोगशाळेतील एकाकी, कंटाळवाणे काम आणि फोन, सहकारी, येणारी-जाणारी माणसे यांनी भरलेला खरा कक्ष यांत फरक असतो. त्यामुळे ‘अर्धा तास’ हा आकडा सर्वत्र जसाच्या तसा लावता येणार नाही.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. दर सेकंदाला एक याप्रमाणे अंक वाचत जावे आणि मध्येच, क्वचित, तोच अंक लागोपाठ दोनदा वाचावा. विद्यार्थ्यांनी तेव्हा कागदावर खूण करावी. अर्ध्या तासानंतर पहिल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांतील चुकांची तुलना करावी. निकाल दर वेळी सारखा येईलच असे नाही, पण चर्चेला विषय खात्रीने मिळेल.

यंत्राच्या सूचनांवर विसंबण्याचे धोके बेनब्रिज यांच्या निबंधाआधी आणि नंतरही दिसले आहेत. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुवीजकेंद्रात अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म वाजले. महत्त्वाचा कोणता आणि किरकोळ कोणता हे सांगणारी सोय नव्हती. त्यातच एक दिवा फसवा होता. झडप बंद करण्याचा आदेश गेला, एवढेच तो सांगत होता. झडप खरोखर बंद झाली की नाही, हे त्यावरून कळत नव्हते, आणि ती दोन तासांहून अधिक काळ उघडीच राहिली. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत २७५ अलार्म वाजले. इतक्या गोंगाटात माहिती उरत नाही.

आता निबंधाच्या उणिवांकडे वळू. बेनब्रिज यांचा भर चालकाच्या मनावर आणि कसबावर आहे. अलार्मच्या अंकगणिताकडे त्या वळत नाहीत. गैरव्यवहार शोधणाऱ्या कक्षात तर हे अंकगणितच निर्णायक ठरते. समजा, एका बँकेत दिवसाला १,००,००० व्यवहार होतात आणि त्यांतील १०० लबाडीचे आहेत. संगणक लबाडीचे ९९ टक्के व्यवहार पकडतो आणि प्रामाणिक व्यवहारांपैकी केवळ १ टक्क्यावर चुकून संशय घेतो. ऐकायला हे उत्तमच वाटते. पण पकडलेले खरे ९९ आणि ९९,९०० प्रामाणिक व्यवहारांपैकी चुकून अडकलेले ९९९. एकूण १,०९८ संशयितांपैकी खरे दोषी फक्त ९ टक्के! चोवीस तासांत १,०९८ अलार्म म्हणजे सुमारे ७९ सेकंदांना एक. अकरांपैकी दहा वेळा खोटी ठरणारी घंटा माणूस लवकरच मनावर घेईनासा होतो. ‘लांडगा आला रे’ म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट येथे आकड्यांत मांडलेली आहे. संशयाची पट्टी कडक करावी, तर खोटे अलार्म कमी होतात, पण काही लबाड निसटतात. अधिक वेगवान संगणकाने हे तारतम्य संपत नाही. किती निरपराध अडले तर चालतील आणि किती लबाड सुटले तर चालतील, हे शेवटी माणसांनाच ठरवावे लागते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बेनब्रिज यांच्यासमोर रासायनिक कारखाना आणि विमान होते. तेथे यंत्र चुकले तर झडपेवर खोटा आळ येतो, पण झडप तुरुंगात जात नाही. सुरक्षेच्या आणि हिशेबाच्या यंत्रणेत मात्र पडद्याच्या पलीकडे माणूस असतो. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबप्रणाली शाखांमध्ये बसवली. ती काही लबाडी पकडण्यासाठी केलेली नव्हती, पण तिने दाखवलेली तूट हाच चोरीचा पुरावा मानला गेला. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक शाखाचालक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे दिवाळे निघाले. इंग्लंडच्या न्यायालयांत तेव्हा, उलट पुरावा नसेल तर संगणक बरोबर चालतो, असेच गृहीत धरले जाई. आणि उलट पुरावा द्यायचा, तर प्रणालीच्या आतील नोंदी आरोपीच्या हाती नव्हत्या. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि अखेर २०२४ साली शेकडो शिक्षा रद्द करण्यासाठी कायदा करावा लागला. बेनब्रिज यांनी अलार्मची यंत्रणाच बिघडली तर ते कोणाच्या लक्षात येणार, असे विचारले होते. होरायझनच्या बाबतीत ते सर्वांत आधी आरोपींच्या लक्षात आले, पण त्यांचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था नव्हती.

म्हणून हा निबंध कालबाह्य झालेला नाही, पण पुरेसाही नाही. कोणत्याही नव्या नियंत्रण कक्षाला चार प्रश्न विचारले पाहिजेत. दर तासाला किती अलार्म येतात आणि त्यांतले किती खरे निघतात? पडद्यासमोरच्या माणसाची पाळी किती वेळाने बदलते? यंत्र बंद ठेवून हाताने काम करण्याचा सराव त्याला कधी मिळतो? आणि ज्याच्यावर संशय आला, त्याला यंत्राची नोंद तपासून मागण्याचा हक्क आहे का? पहिल्या तिन्हींची उत्तरे उत्तम असली आणि चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असे असले, तर त्या आधुनिकीकरणाला सुरक्षा म्हणता येणार नाही.