‘आम्ही’ आणि ‘आपण’ : झेनोफनच्या एका भाषणाविषयी

झेनोफनच्या ‘अनाबासिस’कडे सेनानेतृत्वाचा वस्तुपाठ म्हणून पाहण्याची प्रथा जुनी आहे. ती निराधार नव्हे. परंतु वस्तुपाठ शोधणाऱ्याच्या हातून ग्रंथातील मोलाचा भाग निसटतो, असे आम्हांस वाटते.

इ. स. पूर्व ४०१ मध्ये कुनाक्साच्या लढाईत धाकटा सायरस पडला आणि त्याच्या पदरचे सुमारे दहा हजार ग्रीक सैनिक शत्रूच्या मुलखात अडकले. पुढे तिस्साफेर्नेसने वाटाघाटींच्या मिषाने क्लेआर्खसादी पाच सेनापती पकडले. त्या रात्री झेनोफन पुढे आला आणि निवडून आलेल्या नव्या सेनापतींत त्याची गणना झाली. गाड्या व तंबू जाळून सैन्य निघाले. पिछाडी त्याच्याकडे होती.

येथवरची कथा परिचित आहे. खरी कसोटी लागली ती मिथ्रिदातेसचे धनुर्धर आणि गोफणदार पिछाडीला सतावू लागले तेव्हा. झेनोफनने पायदळानिशी त्यांचा पाठलाग केला. हाती कोणीच लागले नाही, परतताना माणसे मात्र जखमी झाली. दिवसभरात जेमतेम पंचवीस स्टेडिया वाटचाल झाली. खैरिसोफसने व वडीलधाऱ्या सेनापतींनी त्याला दोष दिला, आणि त्याने तो मान्य केला.

ह्या कबुलीची भाषा पाहण्याजोगी आहे. पाठलागाचा निर्णय तो एकवचनी ‘मी’ने स्वतःकडे घेतो. पुढे अनेकवचन येते. ग्रीकमध्ये ह्या रूपात श्रोत्यांचा समावेश आहे की नाही, हे रूपावरून कळत नाही. मराठी भाषांतरकाराला ही सवलत नाही. सोसले ते ‘आम्ही’, म्हणजे पिछाडीच्या लोकांनी. गोफणदार आणि घोडेस्वार हवेत ते ‘आपल्याला’, म्हणजे सबंध सैन्याला. ग्रीकमध्ये न दिसणारा हा सांधा मराठीत उघडा पडतो, आणि दोष देणारे सेनापती नकळत उपायाचे भागीदार कसे होतात, ते तेथेच उमगते.

उपायही हाताशीच होता. सैन्यात ऱ्होड्सचे लोक होते. शिशाच्या गोळ्या फेकणारी त्यांची गोफण पारशांच्या गोफणीच्या दुप्पट पल्ल्याची. त्याच रात्री दोनशे गोफणदार उभे राहिले, दुसऱ्या दिवशी पन्नास स्वार.

अर्थात हे सारे सांगणारा स्वतः झेनोफनच आहे, आणि तोही तृतीयपुरुषी. ‘हेलेनिका’त तर ह्या मोहिमेचा वृत्तान्त तो सिराक्यूजच्या थेमिस्तोगेनेसच्या नावावर घालतो. स्वतःची चूक इतक्या तपशिलाने नोंदविणारा लेखक विश्वसनीय ठरतो, हे त्यालाही ठाऊक असणार. मग आमच्या भाषांतरकाराने ‘झेनोफन म्हणाला’ लिहावे की ‘म्हणाले’? ग्रीक क्रियापद येथे काहीच साहाय्य करीत नाही.