'सरकार' हिंदीत जाताना

वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकर आपल्या पत्नीला 'सरकार' म्हणून हाक मारतात. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची चर्चा बहुधा स्वगतांभोवती फिरते. मला या एका हाकेविषयी लिहायचे आहे.

हे नाटक हिंदीत भोपाळचे नट आलोक चटर्जी (निधन जानेवारी २०२५) यांनी गाजविले. 'सरकार'साठी हिंदी अनुवादकाला कोश उघडावा लागत नाही. हा मूळचा फारसी शब्द दोन्ही भाषांत रुळलेला आहे. अडचण नेमकी तेथेच आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात बायकोला 'सरकार' म्हणणे ही लाडिक थट्टा, आणि घरातील खरी सत्ता कोणाची याची कबुलीही. ज्या भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळात बेगमांनी राज्य केले, तेथे स्त्रीला उद्देशून आलेला हा शब्द थट्टेचा राहत नाही. अक्षरे तीच, वजन निराळे.

मग सारा भार सर्वनामावर येतो. आपले 'तुम्ही' आदराचे. हिंदीचे 'तुम' बरोबरीचे वा धाकट्याचे. इंद्रपुरीतील आपल्या घरांना हे सांगायला नको. 'काकाजी, तुम बैठो' असे अत्यंत आदराने म्हणणारे आपले वडीलधारे शेजाऱ्यांना उगीचच उर्मट वाटत आले आहेत! माझ्या मते 'सरकार'च्या जोडीला हिंदीत 'आप'च शोभेल. 'तुम'ने जवळीक राहील, पण राजांच्या भूमिका जगलेल्या नटाचा दरबारी थाट जाईल. आणि या माणसाचे प्रेम त्या थाटातूनच बोलते.

त्या पिढीच्या गृहिणीचे 'अहो' त्याहून कठीण. 'सुनिए' परक्यालाही म्हणता येते. 'अजी' आता विनोदी नाटकांतच शोभते. 'अहो'त नाव न घेण्याचा संकोच आहे आणि हक्कही. येथे अनुवादकाने शब्द शोधू नये, नटीच्या स्वरावर सोडावे.

'सरकार'ला मात्र अशी सूट नाही. कावेरीच्या मृत्यूनंतर अप्पांना ही हाक मारायला समोर कोणी उरत नाही. आधीच्या प्रवेशांत ती नुसती दरबारी किंवा नुसती गमतीची ठरली असेल, तर हिंदी प्रेक्षकाला अप्पांचे घर सुटलेले दिसेल, 'सरकार' गेलेले जाणवणार नाही.