भूल दिलेल्या प्राण्यांवरील देखरेख : एका ब्रिटिश पाहणीची समीक्षा

भुलीमुळे लहान प्राण्यांच्या जिवास किती धोका संभवतो, या प्रश्नाच्या चर्चेत डेव्हिड ब्रॉडबेल्ट व सहकाऱ्यांच्या ब्रिटनमधील पाहणीचा आधार वारंवार घेतला जातो. २००२ ते २००४ या काळात ११७ पशुचिकित्सालयांतून गोळा केलेल्या नोंदींचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भूल वा गुंगी दिलेल्या ९८,०३६ कुत्र्यांपैकी ०.१७ टक्के, ७९,१७८ मांजरांपैकी ०.२४ टक्के आणि ८,२०९ सशांपैकी १.३९ टक्के प्राणी दगावले. प्रस्तुत टिपणात या पाहणीचा केवळ देखरेखीच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

मृत्यू केव्हा झाला याची काटेकोर नोंद, हे या पाहणीचे मोठे योगदान होय. दगावलेल्या कुत्र्यांपैकी ४७ टक्के, तर मांजरांपैकी ६१ टक्के शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर दगावली. त्यांतील बरेच मृत्यू पहिल्या तीन तासांतील होते. शेवटचा टाका पडला की भुलीची जबाबदारी संपली, या रूढ समजुतीला यामुळे तडा जातो. उपकरणे काढून मदतनीस पुढच्या प्राण्याकडे वळतो, नेमक्या त्याच वेळी श्वसनमार्ग बंद होणे वा शरीराचे तापमान घसरणे यांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

मात्र देखरेखीच्या परिणामाविषयीचा निष्कर्ष जपून स्वीकारला पाहिजे. मांजरांमध्ये नाडी व पल्स ऑक्सिमीटर यांद्वारे देखरेख ठेवल्यास मृत्यूचा धोका कमी आढळला. परंतु हा प्रयोग नव्हे, निरीक्षण होय. जेथे हे यंत्र नियमित लावले जाते, तेथे प्रशिक्षित मदतनीसही प्राण्याजवळ उभा असण्याची शक्यता अधिक. मग श्रेय यंत्राचे की माणसाचे, हे यातून वेगळे करता येत नाही. शिवाय यंत्राला स्वतःची मर्यादा आहे. प्राण्याला शुद्ध प्राणवायू दिला जात असताना श्वसन अपुरे असले तरी यंत्रावरील आकडा बराच वेळ समाधानकारक दिसतो. ती उणीव कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅपनोग्राफ लवकर दाखवतो.

ही टक्केवारी आपल्याकडे जशीच्या तशी लागू करणे तर अधिकच अयोग्य ठरेल. प्राणी जन्म नियंत्रण नियम प्रथम २००१ मध्ये व नव्याने २०२३ मध्ये आले. त्यांखाली निर्बीजीकरणासाठी आणलेल्या भटक्या कुत्र्याचा पूर्वेतिहास सहसा ठाऊक नसतो. शुद्धीवर येताना त्याच्याजवळ बसणारा मालकही नसतो. म्हणजे जेथे पहिले तीन तास सर्वाधिक जपायचे, तेथेच पाहणारे डोळे कमी.

सारांश, या पाहणीतून यंत्रखरेदीचा धडा घेण्यापेक्षा मनुष्यबळाचा धडा घेणे अधिक उचित होय. नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग व तापमान यांची ठरावीक अंतराने लेखी नोंद करणारी एक व्यक्ती केवळ त्याच कामासाठी नेमावी. आणि प्राणी स्वतःहून मान सावरून बसेपर्यंत तिने जागा सोडू नये.