कारखानदाराच्या हाती माइक

किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, तेव्हा त्यातून वाङ्मयसेवा करण्याचा कुणाचा बेत नव्हता. कारखान्यात काय तयार होतं, ते कसं वापरायचं, हे गिऱ्हाइकांच्या कानावर घालावं, एवढाच हिशेब. लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना नांगर विकण्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांची उमेदीची वर्षं गेली होती. असला समज एखाद्या जाहिरातीने जात नाही, त्यासाठी बोलत राहावं लागतं, हे त्या घराला चांगलं ठाऊक होतं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव संपादक झाले आणि बघता बघता या खबरपत्राचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३०मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचं वाचन ज्या मासिकांवर झालं, त्यांचं मूळ एका नांगराच्या कारखान्याच्या ग्राहकपत्रिकेत आहे.

अमेरिकेत जॉन डियर कंपनीने शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक १८९५मध्येच काढलं होतं. तीही नांगरवालीच. हा निव्वळ योगायोग नसावा. नांगर महाग असतो, शेतकरी तो पुन्हा पुन्हा घेत नाही, आणि चुकीचा घेतला तर हंगाम जातो. असल्या वस्तूचं गिऱ्हाईक आधी माणूस पारखतं, मग माल. उद्योजकाने पॉडकास्ट करावा का, या प्रश्नाचं माझं उत्तर याच निकषावर आहे. ज्याचा धंदा भरवशावर चालतो आणि तो भरवसा बसायला वेळ लागतो, त्याने जरूर करावा. वडापावच्या गाडीवाल्याने करू नये. त्याची जाहिरात तळणीच्या वासात असते.

आवाजाचं आणि व्यापाराचं नातं तसं जुनं आहे. अमेरिकन रेडिओवर १९३३ साली ‘मा पर्किन्स’ ही मालिका ऑक्सिडॉल या साबणाच्या पैशांवर सुरू झाली. आपल्याकडे रेडिओ सिलोनवर १९५२पासून ‘बिनाका गीतमाला’ गाजली आणि अमीन सायानींच्या आवाजाला एका टूथपेस्टचं नाव कायमचं चिकटलं. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७मध्ये, मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून. या सगळ्यात व्यापारी मात्र शेजारच्या खुर्चीत बसलेला असे. कार्यक्रम दुसऱ्याचा, वेळ विकत घेतलेली, त्यात जमेल तेवढं आपलं नाव. पॉडकास्टने त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. परवाना नको, प्रक्षेपणाचा खर्च जवळपास नाही. आता बोलायचं काय, हा प्रश्न तेवढा उरला, आणि तिथेच बहुतेकांची दांडी उडते.

पॉडकास्टच्या कलेतली उद्योजकांची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी २०१४ची ‘स्टार्टअप’ ही मालिका सांगेन. अॅलेक्स ब्लूमबर्ग हा रेडिओतला मुरलेला माणूस. त्याने पॉडकास्ट तयार करणारी कंपनी काढायला घेतली आणि ती काढतानाची फजिती ध्वनिमुद्रित करत गेला. पहिल्याच भागात तो क्रिस साका या गुंतवणूकदारापुढे आपली कल्पना मांडतो आणि ती इतकी अडखळत मांडतो की शेवटी साकाच त्याला ती कशी मांडायची ते बोलून दाखवतो. पुढे भागीदाराशी हिस्सा ठरवण्याची अवघड बोलणी येतात, बायकोशी झालेल्या चर्चा येतात. ऐकणाऱ्याला या माणसाबद्दल आपुलकी वाटू लागते, ती तो हुशार आहे म्हणून नव्हे. जे व्यापारी सहसा बंद दाराआड ठेवतात ते त्याने दार उघडून ऐकवलं, म्हणून. गिमलेट नावाची ती कंपनी २०१९मध्ये स्पॉटिफायने विकत घेतली. २०२३मध्ये स्पॉटिफायने आपल्या पॉडकास्ट विभागातली सुमारे २०० माणसं कमी केली, गिमलेटचं वेगळेपणही त्याच सुमारास संपलं. पॉडकास्ट हाच धंदा करणाऱ्यांची ही गत पाहिली, की धंद्यासाठी पॉडकास्ट करणारा जास्त सुरक्षित आहे असं वाटतं. त्याची चूल त्यावर पेटत नाही.

मोठ्या कंपन्यांपैकी जनरल इलेक्ट्रिकने २०१५मध्ये ‘द मेसेज’ नावाची विज्ञानकथा आठ भागांत ऐकवली. अंतराळातून सत्तर वर्षांपूर्वी आलेला संदेश उलगडणाऱ्यांची गोष्ट. कंपनीचं नाव त्यात शोधावं लागतं. मालिका आयट्यून्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. कौतुक करावं अशीच ती होती, पण अनुकरणाला निरुपयोगी. लेखक, नट आणि ध्वनिसंयोजक यांचा ताफा नाशिकच्या किंवा जळगावच्या कारखानदाराने कुठून आणायचा?

त्याच्या उपयोगाचं उदाहरण ट्रेडर जो’ज या अमेरिकन किराणा दुकानांच्या साखळीचं आहे. जाहिरातींवर फारसा खर्च न करणारी म्हणून ती ओळखली जाते. २०१८मध्ये तिने चार-पाच भागांपुरता म्हणून पॉडकास्ट सुरू केला, तो चालूच राहिला. त्यात बोलतात ती कंपनीतलीच माणसं. एखादा पदार्थ दुकानात कसा आला, लोकांचा आवडता पदार्थ बंद का केला, असे विषय. गिऱ्हाइकाच्या तक्रारीला जे उत्तर काउंटरवर दोन वाक्यांत द्यावं लागतं, ते इथे सविस्तर मिळतं. यात कला किती, असं कुणी विचारेल. स्वतःच्या मालाबद्दल बोलताना विक्रेता न वाटणं, ही कलाच आहे, आणि ती भल्याभल्यांना साधत नाही.

दुसऱ्या टोकाला ‘अक्वायर्ड’ आहे. बेन गिल्बर्ट आणि डेव्हिड रोझेन्थल हे दोघं गुंतवणुकीच्या क्षेत्रातले. एकेका कंपनीचा इतिहास ते तीन-तीन, चार-चार तास सांगतात, बहुधा पाहुण्याशिवाय, भरपूर वाचून. २०२४च्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चेस सेंटरमध्ये त्यांचा जाहीर कार्यक्रम झाला, त्यात मार्क झुकरबर्ग आला होता. लोकांना आता लांबलचक ऐकायचं नसतं, ही ओरड करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. लोकांना उथळ ऐकायचं नसतं. लांबीबद्दल त्यांची तक्रार नसते.

भारतात उद्योजकाचा पॉडकास्ट म्हटलं की झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे सहसंस्थापक निखिल कामत यांचा ‘डब्ल्यूटीएफ’ डोळ्यांपुढे येतो. २०२३मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जानेवारी २०२५मध्ये खुद्द पंतप्रधान आले. कामत यांचा एक गुण मानायला हवा, आपल्याला काय ठाऊक नाही ते ते विचारतात. दलालीच्या दरांबद्दल तिथे कुणी बोलत नाही, आणि तरीही झिरोधा हे नाव श्रोत्याच्या मनात घर करतं. परंतु या कार्यक्रमाने एक खोड लावली. माइक घेतला की आता प्रत्येकाला मोठा पाहुणा हवा, महागडा सोफा हवा, मागे निऑनचा दिवा हवा. मग दोन श्रीमंत माणसं एकमेकांना पहाटे कितीला उठता ते विचारतात. पाहुणा आपल्या पुस्तकातला आणि कालच्या दुसऱ्या कार्यक्रमातलाच किस्सा तिसऱ्यांदा सांगतो. शिवाय मुलाखतीसाठी पाहुण्याकडूनच पैसे घेण्याची चाल आहे. अमेरिकेत अशा बैठकींना ५० हजार डॉलरपर्यंत मोजले जातात, असं ब्लूमबर्गने २०२२मध्ये छापलं होतं. पैसे देऊन मिळवलेल्या स्तुतीची किंमत ऐकणाऱ्याला लगेच कळते, देणाऱ्यालाच कळायला वेळ लागतो.

याउलट अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ पाहा. २०१७पासून चालू असलेला हा इंग्रजी पॉडकास्ट. वर्मा काही कारखानदार नव्हेत, पण एक गोष्ट व्यापाऱ्याने त्यांच्याकडून उचलावी. पाहुण्याचं लिहिलेलं सगळं वाचून ते बसतात आणि त्याच्या लहानपणापासून विचारत जातात, अनेकदा चार-पाच तास. मधेच आपल्या लेखनवर्गाची माहिती देतात. इतके तास ज्याला ऐकलं त्याच्याकडे शिकायला जावं असं वाटणं साहजिक आहे. पॉडकास्टची कमाई अशी आडवाटेने येते. जाहिरातीच्या पैशांची वाट पाहणारा उद्योजक वर्षभरात कंटाळून बंद करतो.

मराठीत कान तयार झाले आहेत, हे श्रेय ‘अमुक तमुक’, ‘थिंक बँक’, ‘मित्रम्हणे’, ‘व्हायफळ’ अशा कार्यक्रमांचं. तास-तासभर मराठी बोलणं लोक ऐकतात, ज्येष्ठांचे प्रश्न, नातेसंबंध, राजकारण, सिनेमा असं सगळं ऐकतात. धंद्याच्या बाबतीत मात्र आपली गाडी यशोगाथेपाशी अडली आहे. खिशात काही नव्हतं, वडिलांचा विरोध होता, एक गुरू भेटला, आज इतक्या कोटींची उलाढाल. मधली वर्षं कुठे गेली? पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले तेव्हा पगार कुठून केले? बँकेने कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून दिली नाही तेव्हा कुणाच्या नावावरची जागा गहाण पडली? भाऊ वेगळा झाला तेव्हा यंत्रं कशी वाटली? मराठी उद्योजक हे सगळं लग्नाच्या पंगतीत बोलतो, माइकसमोर बोलत नाही. लाज वाटते, आयकरवाल्यांची भीती वाटते, आणि प्रतिस्पर्धी ऐकेल ही धास्ती तर असतेच.

धास्ती अगदीच खोटी नाही, पण गुपितं न फोडता सांगण्यासारखं पुष्कळ असतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली. त्यानंतर बागेत, पॅकहाउसमध्ये, प्रयोगशाळेत काय काय बदललं, हे एखाद्या निर्यातदाराने सहा भागांत सांगितलं, तर नाशिक-सांगलीचा प्रत्येक बागायतदार ते ऐकेल, आणि पुढच्या हंगामात माल कुणाला द्यायचा हे ठरवताना तो आवाज त्याला ओळखीचा असेल. लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती केली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, ही तरतूद २०२४पासून लागू झाली. तिच्यामुळे मोठ्या खरेदीदारांनी काय पळवाटा काढल्या, याबद्दल चाकण-भोसरीचे सुटे भाग बनवणारे तासन्तास बोलू शकतात. असल्या कार्यक्रमाला तीनशे श्रोते मिळाले तरी ते नेमके ते तीनशे असतात. आकड्यांच्या मागे लागलेल्या मार्केटिंगवाल्यांना हे पटवणं कठीण जातं. पण ज्या पंपउत्पादकाचे राज्यात दोनशेच विक्रेते आहेत, त्याला लाख श्रोते घेऊन करायचं काय?

तंत्राबद्दल थोडंसंच. माइकवर खर्च करण्याआधी खोलीकडे पाहावं. आपल्याकडची ऑफिसं म्हणजे टाइल्सची जमीन, काचेचं टेबल, वर पंखा. आवाज घुमतो आणि श्रोता पाच मिनिटांत निघून जातो. जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट यांच्यामध्ये साध्या डायनॅमिक माइकवर स्टुडिओला लाजवेल असं काम होतं. व्हिडिओ करायचा की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. भारतात पॉडकास्ट बरेचसे यूट्यूबवरच ऐकले जातात. पण केवळ यूट्यूबवर विसंबू नये. पॉडकास्टची खरी ताकद त्याच्या आरएसएस फीडमध्ये आहे. ही फीड आपल्या नावावर असली की कार्यक्रम कुठल्याही अॅपवर जातो. गूगलने २०२४मध्ये आपलं पॉडकास्ट अॅप बंद केलं, तेव्हा ज्यांच्या फीड शाबूत होत्या त्यांचं काही बिघडलं नाही. एजन्सीला काम दिलं असेल तर फीड आणि मूळ ध्वनिमुद्रणं कुणाच्या मालकीची, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. दुकानाच्या भाडेकरारात जो बारीक अक्षरं भिंगातून वाचतो, तोच व्यापारी इथे डोळे मिटून सही करतो.

राहिला प्रश्न बोलणार कोण. बहुतेक ठिकाणी ही जबाबदारी परदेशात शिकून आलेल्या मुलाकडे जाते आणि मग ‘स्केल’, ‘जर्नी’, ‘माइंडसेट’ यांची फोडणी सुरू होते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत तीस वर्षं काढलेला फोरमन वाळू मुठीत दाबून तिच्यात ओल किती ते सांगतो. पावसाळ्यात ती ओल वाढली की कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात, माल परत येतो, आणि तो का परत आला हे गिऱ्हाईक कंपनीच्या तरुण इंजिनिअरला कुणीच नीट समजावून सांगितलेलं नसतं. हे त्या फोरमनने त्याच्या कोल्हापुरी बोलीत सांगावं, ‘काय करायलाय’सकट. समोर मालकाने बसावं आणि विचारावं. वीस मिनिटांचा भाग पुरे. पाहुण्याच्या मानधनाची चिंता नाही, तो पगारावरच आहे. फक्त त्या दिवशीची त्याची पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.