शिरोवेदनेतील ‘फुटणे’ : एक आक्षेप

अर्धशिशीच्या कोणत्या रुग्णास डोक्याच्या मागील पश्चकपाल मज्जातंतूजवळ दिलेल्या बधिरकारक इंजेक्शनाचा, म्हणजे ‘नर्व्ह ब्लॉक’चा, गुण येईल हे आधी सांगता आले, तर ती मोठीच सोय होय. नंदुरबार जिल्ह्यात तिचे मोल अधिक. अक्राणीच्या डोंगरपाड्यावरून येणाऱ्या मजुरास व्यर्थ उपचारापायी बुडालेला रोज परवडत नाही.

या भाकिताची एक साक्ष बोटाची आहे. आफ्रिदी, गोड्सबी प्रभृतींच्या 2006 च्या अभ्यासात अर्धशिशीच्या 54 रुग्णांना दिलेल्या 57 इंजेक्शनांपैकी 26 पूर्णतः वा अंशतः गुणकारी ठरली. त्या मज्जातंतूवर दाबले असता दुखणे, हे गुणाचे ठळक पूर्वचिन्ह आढळले. मात्र तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि डिली प्रभृतींच्या 2015 च्या तुलनात्मक चाचणीत खरे व नाममात्र इंजेक्शन यांत फरक दिसला नाही.

दुसरी साक्ष शब्दाची. याकुबोव्स्की, बर्स्टीन प्रभृतींनी 2006 मध्येच दाखविले की, डोके बाहेरून चिरडले जाते असे सांगणारांना बहुधा गुण येतो. आतून फुटते म्हणणारांना बहुधा येत नाही. हा निष्कर्ष बोट्युलिनमच्या उपचाराचा आहे, हे ध्यानात न घेता तो नर्व्ह ब्लॉकला लावण्याचा मोह होणे शक्य आहे. मराठीत तर अडचण दुहेरी होते. ‘डोके फुटायची वेळ आली’ या बोलण्यात वेदनेची दिशा नसते, तीव्रता असते. कोणतीही असह्य शिरोवेदना मराठी माणसाच्या तोंडी ‘फुटते’च. ‘ठणकणे’ लय सांगते, ‘जड होणे’ भार सांगते. दिशा मुद्दाम विचारल्यावाचून हाती येत नाही. ‘अर्धशिशी’ हे नावही फसवेच : हा विकार दोन्ही बाजूंसही होतो, पण सगळे डोके दुखणारा रुग्ण ते नाव घेईलच असे नाही.

त्यात अहिराणी, भिली वा पावरी बोलणाऱ्याचे दुखणे पुष्कळदा सोबतचा नातलग मराठीत सांगणार आणि डॉक्टर ते इंग्रजीत टिपणार. असा दोनदा भाषांतरित झालेला शब्द भाकिताचा आधार कसा व्हावा? त्यापेक्षा रुग्णाचे मूळ बोल इंजेक्शनापूर्वीच देवनागरीत जसेच्या तसे उतरावेत, आणि वेदना आत दाबते की बाहेर रेटते, हे त्याने तळहातांनी दाखवावे. या नोंदी उपचाराच्या फलाशी ताडून पाहिल्यावाचून ‘फुटणे’ हे पूर्वचिन्ह मराठी केसपेपरात घेऊ नये.