आमच्या वांट्याची रात्र

भयकथा हा वाङ्मयाचा दुय्यम प्रकार होय, अशी आपल्याकडील सुशिक्षित वाचकाची समजूत आहे. आणि बाजारांत येणारीं बहुतेक पुस्तकें पाहतां ती अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. परंतु मारियाना एन्रिकेझ या अर्जेंटिनी लेखिकेची, २०१९ सालीं एर्राल्दे पारितोषिकानें गौरविलेली स्पॅनिश कादंबरी वाचल्यावर ही समजूत तशीच बाळगणें कठीण जातें. मेगन मॅकडॉवेल यांच्या इंग्रजी भाषांतरामुळें ती आपल्या वाचकांसही सुलभ झाली आहे. ‘आमच्या वांट्याची रात्र’ असा अर्थ असलेलें तिचें नांव एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीच्या एका कवितेंतून घेतलेलें आहे.

१९८१ सालीं हुआन हा विधुर आपल्या गास्पार नांवाच्या लहान मुलाला घेऊन ब्युनॉस आयरीसहून उत्तरेकडे मोटारीनें निघतो. हुआनचें हृदय जन्मापासून दुबळें. धनाढ्य घराण्यांच्या एका गुप्त पंथानें त्याला बालपणींच आपल्या कह्यांत घेतलें आहे, कारण त्याच्या देहाच्या द्वारें ‘अंधार’ प्रकट होतो. त्याची पत्नी रोसारिओ याच घराण्यांपैकी एकांतली. ती नुकतीच वारली आहे. ज्याच्या हांकेला तो अंधार धांवून येतो, त्या माणसाला स्वतःच्या मृत पत्नीची चाहूल मात्र कितीही धडपड केली तरी लागत नाहीं! पुढें रक्तपात पुष्कळ आहे; वाचक त्याला लवकरच सरावतो. या एका मौनाला तो सरावत नाहीं.

हुआनच्या मागें पंथाला त्याचा मुलगा हवा आहे. त्याला वांचविण्यासाठीं बाप सत्य लपवितो, मारतो, त्याच्या हातावर खोल जखम करतो. त्या जखमेंत संरक्षण आहे हें मुलाला कळावें कसें? त्याला बापाचें क्रौर्य तेवढें दिसतें. लेखिका येथें बापाची वकिली करीत नाहीं, हा तिचा मोठा गुण. प्रेमानें केलेला आघात हा आघातच असतो, हें ती जाणून आहे.

या कथेंतील गूढविद्येला अर्जेंटिनाच्या इतिहासाचा आधार आहे. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटींत हजारों माणसें नाहींशीं करण्यांत आलीं. मानवी हक्कांच्या संघटना हा आंकडा ३०,००० सांगतात. प्रेत नाहीं, म्हणून अंत्यविधि नाहीं. आणि अंत्यविधि नाहीं, म्हणून शोकालाही शेवट नाहीं. गास्पारची बालमैत्रीण आडेला एका ओसाड घरांत शिरते ती परत येत नाहीं. हें घडतें तेव्हां लोकशाही परत आलेली आहे. राज्य बदललें, नाहींसें होणें थांबलें नाहीं. कादंबरीकर्त्रीची राजकीय दृष्टि येथें सर्वांत तीक्ष्ण झाली आहे.

सुमारें सहाशें पानांचा हा पसारा सर्वत्र सारखा पेललेला नाहीं. लंडनमधील दिवसांचें रोसारिओनें केलेलें कथन फार लांबलें आहे, आणि पंथाचे विधि जितके उलगडून सांगितले जातात तितकें भय ओसरतें. गूढाला इतकी टीपवजा स्पष्टीकरणें मानवत नाहींत. याउलट सामूहिक दफनभूमीवर गेलेल्या पत्रकार स्त्रीचें प्रकरण आटोपशीर आहे आणि आमच्या मतें ग्रंथांतील सर्वोत्कृष्ट आहे. तेथें आडेलाची आई नवऱ्याच्या अस्थि सांपडण्याची वाट पाहत थांबलेली असते. मुलीच्या अस्थि शोधण्यासाठीं मात्र तिला खणण्याजोगी जमीनही नाहीं.