दोन डोळे, बारा हात आणि गायब राजा

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतल्या प्रार्थनेमुळे माहीत असतो. मी तो घाटकोपरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये, मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला. डोक्यात राहिलं ते पडद्यावर नसलेलं.

कथा ग. दि. माडगूळकरांची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. जेलर आदिनाथ सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर शेती करायला नेतो. भिंती नाहीत, साखळ्या नाहीत. पळू पाहणाऱ्यांना अडवतात ते त्याचे दोन डोळे. या गोष्टीमागचा खरा प्रयोग औंध संस्थानातला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा. त्याच संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये राज्यघटना लागू केली, कारभार निवडून आलेल्या लोकांकडे सोपवला. चित्रपटात ना तो राजा आहे, ना ती घटना. उरतो एक सज्जन अधिकारी.

कथेसाठी काटछाट करावीच लागते, मान्य. पण इथे अर्थच उलटा झालाय. राजाने प्रजेवरची आपली नजर काढून घेतली होती. शांतारामांनी ती पडदाभर मोठी केली. चित्रपटातला माणूस सुधारतो, पण कुणीतरी बघतंय म्हणून.

राजाच्या नजरेखाली जगणं म्हणजे काय, हे थायलंडकडे पाहिलं की कळतं. तिथे २४ जून १९३२ रोजी लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या गटाने राजाची अनियंत्रित सत्ता संपवली. त्याची आठवण म्हणून बँकॉकच्या चौकात बसवलेली धातूची चकती एप्रिल २०१७ मध्ये गायब झाली, तिच्या जागी राजनिष्ठा सांगणारी नवी आली. राजाच्या अपमानाला कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षं तुरुंगवास आहे.

तिथे विसरायला लावलं जातं. आपल्यावर अशी सक्ती नव्हती, तरी औंध आपण विसरलोच. कारण चांगल्या साहेबाची गोष्ट आपल्याला मनापासून आवडते. साहेबाने खुर्ची सोडल्याची गोष्ट कंटाळवाणी वाटते. तिच्यात पुढचं काम आपल्यावर येतं ना!

चित्रपट आजही बघावा असाच आहे. फक्त बघताना एक मोजून पाहा : ते बारा हात नांगर धरतात, भाजी विकतात, डोळे पुसतात. मत द्यायला एकदाही वर होत नाहीत.